डोंगरावरील शहर कीं वाळवंटांतील शहर?

सुटी जवळ आली कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो: जावयाचें कोठें? ज्यांचें आजोळ खेडेगांवांत आहे त्यांचें उत्तर ठरलेलें असतें. परंतु ज्या घरांत चार-पांच वर्षें पै-पै सांठवून एकदांच दूरच्या प्रवासाचा बेत होतो, त्या घरांत ह्या प्रश्नाला परीक्षेच्या प्रश्नाइतकेंच वजन येतें. कारण उत्तर चुकलें तर पुन्हां चार-पांच वर्षें वाट पाहावी लागते. आमच्या घरीं असाच प्रसंग आला होता, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हां भावंडांस भूगोलाचीं दोन प्रकरणें नव्यानें शिकावयास मिळालीं. तीं वाचकांसही उपयोगी पडतील अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

बेत असा होता. घरांत आम्ही सहा माणसें: आई, बाबा, आजी आणि आम्ही तिघें भावंडें. मे महिन्यांत आठ दिवस बाहेर काढावयाचे, आणि बाबांनीं बाजूस टाकलेले पैसे एकाच ठिकाणास पुरतील एवढेच. धाकट्यास डोंगर आणि थंडी हवी होती, म्हणून तो शिमल्याच्या पक्षाचा. ताईस किल्ला, उंट आणि वाळूच्या टेकड्या पाहावयाच्या होत्या, म्हणून ती जैसलमेरच्या पक्षाची. आमच्यापैकीं मधल्यास कोठेंही चालणार होतें. म्हणून दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून ठेवण्याचें काम त्याच्याकडे आलें. आजीची सत्तरी उलटलेली, गुडघे दुखरे, आणि दोन जिने चढल्या कीं तिला दम लागतो. आजीला घरीं ठेवून जावयाचें नाहीं, एवढें सर्वांस मान्य होतें. मात्र तिला स्वतःला कोठें जावेंसें वाटतें, हें त्या वेळीं कोणींच विचारलें नाहीं.

आठवडाभर भांडण झाल्यावर बाबा म्हणाले, "हट्टाला कारण लागत नाहीं, निवडीला लागतें. दोघांनीं आपापलीं कारणें लिहून आणा. मग ठरवूं." त्याप्रमाणें आम्हीं ग्रंथालयांतील पुस्तकें चाळलीं, भूगोलाच्या शिक्षकांस गांठलें, आणि जें कळलें तें एका वहींत टिपून ठेविलें.

प्रथम शिमल्याविषयीं. हिमाचल प्रदेशाच्या राजधानीचें हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,२०० मीटर उंचीवर वसलें आहे. नुसत्या आंकड्यानें ही उंची ध्यानांत येत नाहीं. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाईचें. तें १,६४६ मीटर उंच आहे. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी साडेपांचशें मीटरांचा डोंगर ठेवावा आणि त्याच्या कण्यावर बाजार, शाळा, कचेऱ्या व घरें मांडावीं, म्हणजे शिमल्याची थोडी कल्पना येईल. कलकत्त्याच्या उकाड्यानें त्रासलेल्या इंग्रज सरकारनें १८६४ सालीं ह्या गांवास उन्हाळी राजधानी ठरविलें. आणि तेव्हांपासून पुढें कित्येक दशकें वर्षांतील बरेच महिने हिंदुस्थानचा कारभार ह्या डोंगरावरून चाले. व्हाइसरॉयकरितां बांधलेला, १८८८ सालीं पुरा झालेला दगडी प्रासाद अद्याप उभा आहे. १९४५ सालची शिमला परिषद तेथेंच भरली, आणि १९६५ पासून तेथें भारतीय उच्च अध्ययन संस्थेचें काम चालतें. भारत व पाकिस्तान यांच्यामधील १९७२ सालचा करारही शिमल्यासच झाला. इतिहासाच्या पुस्तकांत शिमल्याचें नांव इतक्या वेळां कां येतें, ह्याचें मूळ अशा रीतीनें उकाड्यांत आहे.

शिमल्यास जाणारी आगगाडी हा एक स्वतंत्र पाहण्याचा विषय होय. माथेरानची छोटी गाडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांनीं तिच्याच थोरल्या बहिणीची कल्पना करावी. काल्क्यापासून शिमल्यापर्यंतचा हा अरुंद लोहमार्ग १९०३ सालीं सुरू झाला. लांबी सुमारें ९६ किलोमीटर. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. वाटेंत १०२ बोगदे आणि आठशेंहून अधिक पूल. एवढ्या अंतरांत गाडी १,४०० मीटरांहून अधिक चढते, आणि म्हणूनच तिला चढावयास पांच तासांहून अधिक वेळ लागतो. २००८ सालीं युनेस्कोनें ह्या मार्गास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. धाकट्यानें हा मुद्दा आपल्या वहींत दोनदां अधोरेखित केला होता.

आतां मुख्य प्रश्न: डोंगरावर थंडी कां? धाकट्याची शंका अशी कीं, वर गेल्यावर आपण सूर्याच्या जवळ जातों, मग ऊन अधिक लागावयास हवें. भूगोलाच्या शिक्षकांनीं त्यास समजाविलें तें असें. सूर्य आपणांपासून सुमारें १५ कोटी किलोमीटर दूर आहे; त्यांतून दोन किलोमीटर कमी झाले म्हणून कांहीं फरक पडत नाहीं. सूर्याचे किरण हवेस फारसे न तापवितां खालीं येतात आणि जमिनीस तापवितात. हवा तापते ती मुख्यतः जमिनीच्या संगतीनें, म्हणजे चुलीवरील भांड्याप्रमाणें खालून. तापलेली हवा वर चढते, तेथें तिच्यावर दाब कमी असतो, म्हणून ती पसरते. आणि पसरण्यास लागणारी शक्ति ती आपल्याच उष्णतेंतून खर्च करते. सायकलच्या चाकांतील हवा सोडतांना तोटीशीं बोट धरून पाहावें. बाहेर पडणारी हवा गार लागते, त्याचें कारण हेंच. साधारणपणें दर हजार मीटर चढल्यावर उष्णता साडेसहा अंशांनीं उतरते. शिमला हें दिल्लीहून सुमारें दोन हजार मीटर उंच. म्हणजे तेरा अंशांचा फरक. दिल्लींत मे महिन्याच्या दुपारीं पारा ४० अंशांवर असला, तर शिमल्यास तो २७ च्या आसपास असावयाचा. हा हिशेब आम्हीं स्वतः मांडला, आणि मग वृत्तपत्रांतील तपमानाशीं ताडून पाहिला. तो बहुतेक जुळला.

परंतु जी विरळ हवा थंडी देते, ती दुसरेंही कांहीं करते. शिमल्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें तीनचतुर्थांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायुही तितक्याच प्रमाणांत कमी मिळतो. धडधाकट माणसास पहिले एक-दोन दिवस थोडा दम लागतो आणि मग संवय होते. मात्र ज्यांस हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार आहे त्यांनीं निघण्यापूर्वीं वैद्यांचा सल्ला घ्यावा, पोंचल्यावर पहिला दिवस विश्रांतींत घालवावा. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या सुमारास उकळूं लागतें, म्हणून उघड्या पातेल्यांत डाळ शिजावयास अधिक वेळ लागतो. शहर डोंगराच्या कण्यावर असल्यामुळें सपाट रस्ता थोडा आणि चढउतार फार. मुख्य रस्त्यावर, ज्यास तेथें माल रोड म्हणतात, सामान्य मोटारींस मज्जाव आहे. खालच्या रस्त्यापासून तेथवर जाण्यास लिफ्टची सोय आहे, पण पुढें पायांवरच भिस्त. आजीच्या गुडघ्यांची आठवण झाल्यामुळें मधल्यानें हा मुद्दा निराळ्या ओळींत लिहिला.

आतां जैसलमेर. हें शहर राजस्थानच्या पश्चिमेस, थरच्या वाळवंटांत आहे. लोद्रवा ही जुनी राजधानी सोडून भाटी कुळांतील रावळ जैसल यानें ११५६ सालीं त्रिकूट नांवाच्या टेकडीवर नवा किल्ला बांधावयास घेतला. त्याच्याच नांवावरून जैसलमेर. टेकडी तशी ठेंगणी, पाऊणशें मीटरांच्या आसपास. पण भोंवतालचा मुलूख सपाट असल्यामुळें किल्ला कोसांवरून दिसतो. सबंध किल्ला पिंवळ्या वालुकाश्माचा. उन्हें कललीं कीं तो सोन्यासारखा दिसूं लागतो, म्हणूनच सत्यजित राय यांनीं आपल्या १९७४ सालच्या बंगाली चित्रपटास 'सोनार केल्ला' हें नांव दिलें. आपल्याकडील बहुतेक किल्ले आतां ओसाड आहेत. जैसलमेरच्या किल्ल्यांत मात्र अद्याप कांहीं हजार माणसें राहतात, दुकानें चालतात, देवळांत घंटा वाजतात. २०१३ सालीं राजस्थानांतील इतर पांच डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याचा समावेश जागतिक वारशांत झाला.

एवढ्या रखरखीत मुलुखांत एवढें वैभव कोठून आलें, असा प्रश्न सहज पडतो. तें आलें उंटांच्या पाठीवरून. सिंधकडे व त्यापलीकडे जाणाऱ्या व्यापारी तांड्यांची वाट येथून जात असे. त्या व्यापारावर गबर झालेल्या सावकारांनीं एकोणिसाव्या शतकांत नाजूक जाळीच्या कामाच्या हवेल्या उठविल्या. पुढें मुंबईचें बंदर वाढलें, माल गलबतांनीं व आगबोटींनीं जाऊं लागला, आणि उंटांचे तांडे थांबले. १९४७ सालीं फाळणी झाल्यावर पश्चिमेची वाट कायमची बंद झाली. मुंबईच्या भरभराटीनें एक दूरचें शहर कसें ओस पडूं लागलें, हें आम्हां महाराष्ट्रांतील मुलांनीं जाणून ठेवण्याजोगें आहे.

वाळवंटांत दिवसां होरपळ आणि रात्रीं थंडी, असें पुस्तकांत वाचलें होतें; कारण आतां कळलें. कोंकणांतील हवेंत पाण्याची वाफ भरपूर असते. ती वाफ आणि ढग मिळून जमिनीवर जणूं गोधडी पांघरतात: दिवसां सूर्याचा ताप थोडा अडवितात, आणि रात्रीं जमिनींतून निघणारी उष्णता बाहेर जाऊं देत नाहींत. वाळवंटाच्या अंगावर ही गोधडी नसते. शिवाय कोरडी वाळू लवकर तापते, ताप आंत खोल जाऊं देत नाहीं, आणि सूर्य मावळतांच तो सर्व आकाशांत सोडून देते. म्हणून एकाच दिवसांत पंधरा-पंधरा अंशांचें अंतर पडतें. मे महिन्यांत तेथील दुपार चाळीस अंशांच्या पुष्कळ वर जाते. त्या कोरड्या हवेंत घाम आला तो तत्काळ वाळतो. अंग कोरडें राहतें, म्हणून आपणांस घाम येत नाहीं असें वाटतें, आणि शरीरांतील पाणी व मीठ हीं मात्र नकळत जात असतात. लहान मुलें आणि म्हातारीं माणसें यांस ह्यांत खरा धोका असतो. म्हणून तेथील मनुष्य डोक्यास मोठें पागोटें गुंडाळतो, अंगभर सैल कपडे घालतो, आणि दुपारीं बाहेर पडत नाहीं. अरुंद गल्ल्या, जाड भिंती आणि दगडी जाळ्या ह्या नुसत्या शोभेच्या नव्हेत. सांवली धरून ठेवण्याच्या त्या युक्त्या आहेत.

येथवर आल्यावर निकाल लागल्यासारखाच झाला. मे महिन्यांत जैसलमेर आजीला सोसणार नाहीं. शिमला, सांभाळून गेल्यास, सोसेल. ताईचा चेहरा उतरला. पण मधल्यानें एक प्रश्न शिक्षकांस विचारला होता, त्याचें उत्तर वहींत लिहावयाचें राहिलें होतें. प्रश्न असा: ह्या दोन शहरांत माणसें पाणी कोठून पितात?

शिमला हें डोंगराच्या कण्यावर आहे. कण्यावर पडलेला पाऊस दोन्ही बाजूंस वाहून जातो: एका उतारावरचा सतलजेस मिळून अखेर अरबी समुद्रास, दुसऱ्या उतारावरचा यमुनेस मिळून बंगालच्या उपसागरास. त्यामुळें शहरापाशीं स्वतःची नदी नाहीं. खालच्या दरींतील ओढ्यांचें पाणी पंपांनीं कित्येकशें मीटर वर चढवावें लागतें, आणि शहराच्या मध्यावर रिज नांवाचें जें प्रशस्त मैदान आहे, त्याच्या पोटांतील मोठ्या हौदांत तें सांठवावें लागतें. ज्या मैदानावर पाहुणे हिंडतात, त्यांच्या पायांखालींच गांवाचें पाणी असतें. ज्या वर्षीं हिवाळ्यांत बर्फ व पाऊस कमी पडतो, त्या वर्षीं मे महिन्यांत ओढे आटतात. आणि पाहुण्यांची गर्दीही नेमकी मे महिन्यांतच. २०१८ सालच्या मे-जून महिन्यांत तेथें मोठी टंचाई झाली. नेहमींच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरलें, लोक भांडीं घेऊन रांगांत उभे राहिले, शाळा कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या; आणि पाहुण्यांनीं तूर्त येऊं नये असें तेथील रहिवाशांनीं स्वतःच विनविलें. त्यानंतर पाणीपुरवठ्याच्या कारभारांत सुधारणा झाल्या आहेत. तरी ओढ्यांचें आटणें आणि पाहुण्यांचें वाढणें एकाच महिन्यांत येतें, ही अडचण मूळचीच आहे.

जैसलमेरची गोष्ट उलट आहे. तेथें वर्षाकांठीं अवघा २० सेंटिमीटरांच्या सुमारास पाऊस पडतो. मुंबईंत ह्याच्या दसपटीहून अधिक पडतो. एवढ्याशा पावसावर त्या लोकांनीं आठशें वर्षें शहर चालविलें. शहराच्या कडेस गडीसर नांवाचें तळें आहे. रावळ गडसी यानें तें चौदाव्या शतकांत बांधविलें, आणि विसाव्या शतकापर्यंत गांवाची तहान मुख्यतः त्यानेंच भागविली. भोंवतालच्या शेतांत उतारास आडवा मातीचा बांध घालून पावसाचें पाणी अडवावयाचें, तें जमिनींत मुरूं द्यावयाचें, आणि त्या ओलीवर हिवाळ्यांत गहूं-हरभरा पिकवावयाचा, अशी त्यांची रीत. अशा शेतास ते खडीन म्हणतात. आतां इंदिरा गांधी कालव्याचें पाणी आलें आहे, नळ आले आहेत. पण नळांबरोबर नवें संकटही आलें. ज्या किल्ल्याच्या बांधणीच्या काळीं प्रत्येक घागर डोक्यावरून वर येत असे, त्याच्या भिंतींत आणि पायथ्यांत भरपूर पाणी जिरेल अशी कल्पनाच कोणास नव्हती. घरोघरीं नळ झाले, पाहुण्यांसाठीं निवासगृहें झालीं, सांडपाणी वाढलें, तें टेकडीच्या मऊ खडकांत व मातींत मुरलें, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कांहीं बुरूज ढांसळले. जगांतील धोक्यांत असलेल्या वास्तूंच्या यादींत ह्या किल्ल्याचें नांव १९९६ सालीं आलें. पुढें गटारें दुरुस्त करण्यांत आलीं. तरी किल्ल्यांत न उतरतां खालच्या गांवांत उतरावें, असा सल्ला जाणते लोक आजही देतात.

हें सर्व आम्हीं एका संध्याकाळीं वाचून दाखविलें. बाबांनीं विचारलें, "मग काय ठरलें?" धाकटा म्हणाला, "शिमला. मे महिन्यांत दुसरें जमणारच नाहीं." त्याचें म्हणणें खरें होतें. तेव्हां जपाची माळ खालीं ठेवून आजी बोलली. आजीचें माहेर माणदेशांत. तिचे शब्द आम्हीं जसेच्या तसे लिहितों.

"पोरांनो, तुम्ही ऊन मोजलंत, थंडी मोजलीत, माझा दमसुद्धां मोजलात. मला मात्र कुणी विचारलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते. दिवसभर उन्हात हातोडा, आणि रात्री पाण्याला दोन कोस. एका घागरीत सात माणसांचा दिवस काढायचा. ज्या गावात मे महिन्यात लोक पाण्याच्या रांगेत उभे राहतात, त्या गावात पाहुणी म्हणून जाऊन मी आंघोळीला बादली मागू? मला नाही व्हायचं."

बाबा म्हणाले, "आई, आतां दर वर्षीं तशी वेळ येत नाहीं. आणि पाहुणे आले नाहींत तर तेथल्या लोकांनीं पोट कसें भरावें?"

आजी म्हणाली, "येऊ नये असं मी कुठं म्हणते? वेळ बघून यावं. पाहुण्यानं घरात पीठ आहे का ते बघून यावं, एवढंच. आणि इतक्या थोड्या पाण्यात त्या वाळवंटातल्या लोकांनी आठशे वर्षं कशी काढली, ते मला डोळ्यांनी बघायचं आहे. थंडीच्या दिवसांत न्याल तर मी येते."

त्या क्षणापर्यंत आम्ही दोन शहरांची तुलना करीत होतों. महिना मात्र आम्हीं आधींच ठरवून टाकला होता आणि त्याच्याविषयीं कोणींच शंका घेतली नव्हती. चूक तेथेंच होती. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर मग पुढील विचार लिहिला गेला.

आधीं महिना पाहावा, मग शहर. जैसलमेर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चांगलें; म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस किंवा नाताळची सुटी. एप्रिल ते जून त्या वाटेस जाऊं नये. शिमला ऑक्टोबर-नोव्हेंबरांत फार चांगलें; पाऊस संपलेला, आकाश निवळलेलें, दूरचीं हिमशिखरें स्पष्ट, गर्दी कमी, आणि पावसाळ्यानें ओढे भरलेले. दिवाळीची सुटी त्यास नेमकी जुळते. बर्फच पाहावयाचें असल्यास जानेवारी-फेब्रुवारी. पण त्या वेळीं आमच्या शाळा सुरू असतात, आणि रस्ते बर्फानें अडण्याचा संभव असतो. जुलै ते सप्टेंबर डोंगरांत जाऊंच नये. २०२३ सालच्या ऑगस्टांत शिमल्यांत दरडी कोसळून माणसें दगावलीं, आणि त्या सुंदर लोहमार्गाचा एक पूल वाहून जाऊन रूळ हवेंत लोंबकळत राहिले. मे महिन्यांतच जाणें भाग असेल तर शिमल्यास अवश्य जावें. मात्र त्या वर्षींची पाण्याची स्थिति विचारून, थोडे दिवस राहून, आणि पाणी जपून वापरून.

महिन्यानंतर माणूस पाहावा. बरोबर कोण आहे? दम लागणारें माणूस असेल तर उंची मोजावी. उन्हानें आजारी पडणारें असेल तर ऊन मोजावें. आणि दोन्ही मोजण्यापूर्वीं त्या माणसास विचारावें. त्यानंतर वाट. शिमल्यास मुंबईहून दिल्ली, तेथून काल्का, आणि मग छोटी गाडी. जैसलमेरास जोधपूर, आणि तेथून पुढें सुमारें तीनशें किलोमीटर. दोन्हीकडे जाण्यायेण्यांत चार दिवस मोडतात, हें धरूनच सुटीचा हिशेब करावा. सर्वांत शेवटीं हौस. हौस शेवटीं लिहिली म्हणून ती कमी महत्त्वाची असें नाहीं. पहिल्या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे तिला मोकळें रान मिळतें, एवढेंच.

मे महिन्यांत आम्ही घरींच राहिलों. धाकटा दोन दिवस बोलला नाहीं. नाताळच्या सुटींत आम्ही सहाही जणें जैसलमेरास गेलों, आणि किल्ल्याखालच्या गांवांत उतरलों. ताईनें उष्णतामापक बरोबर घेतला होता. एके दिवशीं दुपारीं तिनें २५ अंशांची नोंद केली आणि दुसऱ्या पहाटें ८ अंशांची. सतरा अंशांचा फरक पुस्तकांत वाचणें निराळें आणि रजईंतून हात बाहेर काढून अनुभवणें निराळें. शहरापासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर सम येथें वाळूच्या टेकड्या आहेत. तेथें सूर्योदयापूर्वीं धाकटा अनवाणी पायांनीं वाळूवर उतरला आणि ओरडतच परत आला. वाळू बर्फासारखी गार होती. वाटेंत खेजडीचीं झाडें दाखवून गाडीवाल्यानें त्यांचा मोठा अभिमान सांगितला. चौकशी केल्यावर कळलें कीं खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतों ती शमी. तिच्याच शेंगांची भाजी आम्हीं त्या दुपारीं जेवलों.

किल्ल्याची चढण आजी चार दरवाजांपाशीं चार वेळां बसून चढली. वर पोंचल्यावर तिनें हवेल्यांकडे आणि तोफांकडे फारसें पाहिलें नाहीं. एका गल्लींतील बाई ओट्यावर भांडीं घांसत होती, तिच्यापाशीं ती बसली. दोघींची भाषा निराळी. तरी पूर्वीं पाणी कोठून आणीत असत, हें तिनें विचारलें आणि त्या बाईनें खालीं तळ्याकडे बोट दाखविलें. संध्याकाळीं आम्ही गडीसरच्या कांठीं गेलों. पाण्यांत छत्र्यांचीं प्रतिबिंबें पडलीं होतीं, पांढरे पक्षी उतरत होते. आजी किल्ल्याकडे पाहात, मग तळ्याकडे पाहात, बराच वेळ उभी होती. अखेर म्हणाली, "एवढी चढण. भरली घागर घेऊन. रोज." पुढें ती कांहीं बोलली नाहीं. त्या रात्रीं निवासगृहांत आमच्यापैकीं कोणींही नळ उगाच वाहूं दिला नाहीं, आणि तसें कोणीं सांगावेंही लागलें नाहीं.

आतां बाबांनीं पुन्हां थोडे पैसे बाजूस टाकावयास सुरुवात केली आहे. ते पुरेसे झाले म्हणजे एका दिवाळींत शिमला, हें ठरलेलें आहे. धाकट्यानें काल्क्याच्या गाडीचें चित्र काढून भिंतीवर लाविलें आहे, आणि आजीनें वैद्यांस विचारून ठेविलें आहे.

पालकांस आम्हीं सल्ला देणें म्हणजे लहान तोंडीं मोठा घांस होईल. तथापि एक विनंती करावीशी वाटते: सुटीचा बेत करतांना घरांतील मुलांस आंकडे मांडावयास सांगावें, आणि घरांतील वडील माणसांस त्यांचें मन विचारावें. आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस सांगणें इतकेंच कीं, ज्या गांवीं पाहुणे म्हणून जावयाचें, तेथील लोक त्या महिन्यांत पाणी कोठून पितात, हें निघण्यापूर्वीं अवश्य शोधून काढावें. नकाशांत तें लिहिलेलें नसतें, विचारावें लागतें.